तुरीचे चौऱ्याहत्तर दाणे

टिक्.

एवढासा आवाज. पण उन्हानं गप्प पाडलेल्या त्या घरात तो असा घुमला, की चुलीपुढं बसलेल्या मंगलचा हात पिठातच थांबला. थोरली जाऊ साळूअक्का पाणी घेऊन आली की उंबऱ्यापाशी तिचं काकण घागरीच्या काठाला असंच लागायचं. टिक्. मग ती म्हणायची, "धर गं घागर, मान मोडली माझी."

मंगलनं दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. साळूअक्काला जाऊन येत्या बारा मेला वरीस होणार होतं.

टिक्. टिक्.

"आई, किती झालं माझं? तीनशे बारा का तेरा?"

सृष्टी सोप्यात पालथी पडून परातीत एकेक दाणा टाकत होती. पाचवीतली पोर, पण मोजायला बसली की सावकारासारखी कपाळाला आठ्या घालायची. शेजारी जोंधळ्याचं सूप, एका वाटीत तूर, आणि खळीच्या डब्यात बुडवलेली काडी.

"काय चाललंय गं हे? खायचं दाणं हायती ते."

"लोकसभा करतीया. शिवांजली मॅडमनी सांगितलंय. एक दाणा म्हंजी एक खासदार. पाचशे त्रेचाळीस. बाप्याला जोंधळा, बाईला तूर. आत्ताच्या लोकसभेत चौऱ्याहत्तर बाया निवडून आल्यात, म्हून तुरी चौऱ्याहत्तरच."

भिंतीला टेकून बनाबाई लोकर कातत बसली होती. मंगलची सासू. तिची चाती थांबली. "पाचशेत चौऱ्याहत्तर? एवढ्या तुरीचं वरण तरी हुतंय का गं? नुसतं पाणीच की."

"आजी, हसू नगं. मोजायचं चुकतंय."

"आन त्यातलं कोण मेलं मदीच, तर?" बनाबाईनं सहज विचारलं.

"तर ती जागा रिकामी पडती. मग तेवढ्यापुरती पोटनिवडणूक लागती." सृष्टीनं मान वर न करताच सांगितलं, "आईची झाली तशी."

बनाबाईनं चातीला पीळ दिला. मंगलनं भाकरी थापायला घेतली, पण तिच्या काठाला भेगा पडत गेल्या.

मेटकरी वस्ती गावापासून कोसभर लांब. जतच्या त्या माळावर पन्नास-साठ उंबरे, त्याहून दुप्पट बाभळी, आणि मेंढरांची तर गणतीच नाही. तीन वर्षांपूर्वी सरपंचपद बाईसाठी राखीव पडलं, तेव्हा बिराप्पा मेटकऱ्यानं बायकोला उभं केलं. बिराप्पा हा घरातला थोरला. गावात वजन असलेला माणूस. मतं त्यानं मागितली, सभा त्यानं घेतल्या, फलकावर मोठा फोटो त्याचा. कोपऱ्यात डोईवर पदर घेतलेली साळूबाई, एवढीशी.

साळूबाईला लिहिता येत नव्हतं. निवडून आल्यावर अंगठा कसा द्यायचा, म्हणून बिराप्पानं धाकट्या भावाला, तानाजीला सांगितलं, "तुझी बायकू बारावी शिकलीया. हिला नाव काढायला शिकीव म्हणावं." मग मंगलनं आठ दिवस आपल्या जावेला सृष्टीच्या पाटीवर नाव गिरवायला शिकवलं. बाकीची अक्षरं साळूबाईला लवकर जमली. 'ळ' काही केल्या जमेना. ती दोन वाटोळी काढून मध्ये टिंबं द्यायची.

"अक्का, टिंबं कशाला?"

"आगं, डोळ्यास्नी बुबळं नगंत व्हय? बघ की, माझ्याकडंच बघतंय ते." आणि तोंडाला पदर लावून पाटी हलेपर्यंत हसायची.

नवव्या दिवशी बिराप्पानं वह्या आणून पुढ्यात टाकल्या. ठरावाची वही, टँकरची फेरीवही. पानं कोरी. खाली तेवढ्या सह्या करायच्या, वर काय लिहायचं ते ग्रामसेवक आणि बिराप्पा बघणार. "सारखं सारखं घरला यायला नगं," एवढंच कारण. साळूबाईनं जीभ दाताखाली धरून सह्या केल्या आणि मंगलनं एकेक पान उलटून दिलं. शाई वाळावी म्हणून फुंकरसुद्धा घातली. त्या दिवशी दोघी जावांना केवढं कौतुक वाटलं होतं! साळूबाई म्हणाली होती, "मंगल, आता कागदाला म्हाईत झालं की मी हाय."

आपल्याकडं या गोष्टीला कुणी वाईट म्हणत नाही. बाईच्या नावानं खुर्ची येते, बाईच्या घरचा माणूस तिच्यावर बसतो, गाव त्याला सरपंच म्हणून रामराम घालतं, आणि बाई त्याच्या पाहुण्यांना चहा करते. आणि कुणी विचारलंच, तर म्हणायचं, "ती शिकलेली न्हाई." मंगल तर शिकलेली होती. तरी साळूअक्काच्या जागी ती बिनविरोध आली आणि चार महिन्यांत ग्रामपंचायतीची पायरी दोनदाच चढली. एकदा शपथेला, एकदा झेंड्याला.

त्याला आणखी एक कारण होतं. मंगल आपल्या थोरल्या दिराशी बोलत नव्हती. भांडण नव्हे, रीत. त्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरापुढं डोईवर पदर घेऊन भिंतीकडं सरायचं आणि काही सांगायचं झालंच तर सासूच्या नाहीतर पोरीच्या तोंडून सांगायचं. बारा वर्षांत मंगलनं बिराप्पाला उद्देशून एक शब्द उच्चारला नव्हता. सरपंच झाल्यावर तरी तिनं कारभार करायचा कसा, आणि विचारायचं कुणाला?

उन्हं कलली तसा तानाजी आला. मोटारसायकल झाडाखाली लावून त्यानं कापडी पिशवी मंगलपुढं ठेवली.

"च्या टाक. आन ह्यावर सह्या करून ठिव. परवा एक तारखेची ग्रामसभा हाय. दादानं सांगितलंय, उन्हाळाभराचं एकदाच उरकून टाक."

"काय लिवायचंय वर?"

"ते तुला काय करायचंय?"

"सरपंच मी हाय न्हवं?"

तानाजी हसला. वाईट माणूस नव्हता तो. मंगलच्या बाळंतपणात रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलेला. पण या गोष्टीत हसू येण्यासारखं काही आहे, असं त्याला खरोखरच वाटलं. "व्हय व्हय, सरपंचबाई. च्या टाका आता."

तो मेंढरांकडं गेला. मंगलनं फेरीवही काढली. वही गेल्या सालचीच होती. निम्मी कोरी राहिली होती, मग नवी कशाला काढा? कोरं पान शोधता शोधता तिच्या बोटांनी मागची पानं उलटली, आणि तिथं ते डोळे होते.

साळूबाई मेटकरी. दोन वाटोळी, आत दोन टिंबं. पानागणिक. वरच्या मजकुराचं अक्षर ग्रामसेवकाचं. दहा मे, मेटकरी वस्ती, दोन फेऱ्या, पाणी मिळाले. अकरा मे, दोन फेऱ्या, पाणी मिळाले.

बारा मे. दोन फेऱ्या, पाणी मिळाले.

मंगलनं वही मांडीवर ठेवली. बारा मेच्या सकाळी घरात पिण्याचं पाणी तांब्याभरच होतं. टँकर आठ दिवसांत वस्तीवर फिरकला नव्हता. तो कुठं जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. वरच्या अंगाला ज्याची डाळिंबाची बाग होती, त्यानं निवडणुकीत बिराप्पाला चारशे मतं मिळवून दिली होती. "मी सरपंच, आन माझ्याच दारात पाणी न्हाई," असं म्हणून साळूबाई हसत घागर घेऊन निघाली होती. विहिरीच्या पायऱ्या अर्ध्यावर संपतात. खाली कपारीला पाय देऊन उतरावं लागतं. मंगल म्हणाली होती, "मी येते अक्का." "तू भाकरी टाक. पोरगी उपाशी हाय."

विहिरीत आधी घागर तरंगलेली दिसली होती.

तिनं आणखी पानं उलटली. तेरा, चौदा, पंधरा. रोज दोन फेऱ्या. रोज पाणी मिळाले. रोज साळूबाई मेटकरी. एकवीस मे. पाणी मिळाले. डोळे तिच्याकडं बघत होते.

"आत्या," ती बनाबाईपाशी जाऊन बसली. "हे वळखता?"

बनाबाईला अक्षरओळख नव्हती. तिनं पान उन्हाकडं धरलं. "ही साळूची सही. ते डोळं न्हाईत का."

"तारीख एकवीस मे हाय."

म्हातारीनं बोटांवर मोजलं. एकदा, मग पुन्हा एकदा. "त्यो दहाव्याचा दिस."

दोघींनाही तो दिवस आठवला. ओढ्याकाठी पिंड ठेवलेला, भोवती अख्खं गाव, आणि कावळा शिवायला तयार नाही. बिराप्पानं हात जोडून नाही नाही ते कबूल केलं. सृष्टीचं शिक्षण करतो, देवाला बकरं देतो, दुसरं लगीन करत न्हाई. कावळे बाभळीवर चोची वासून बसलेले. शेवटी बनाबाई उठली आणि तिनं पिंडाशेजारी पितळीभर पाणी ठेवलं. त्या पाण्यावर कावळा आला.

"तवाच कळाय पायजे हुतं," बनाबाई म्हणाली. "कावळ्याला कळलं, आमास्नी न्हाई."

"मी काय करू आत्या?"

म्हातारीनं डोळे पुसले नाहीत. पदर नुसता पुढं ओढला. "मला काय इचारतीस? मी जलमभर तोंडावर पदर घिऊन बसले. मला पदराच्या पल्याडचं काय दिसतंय?"

मंगलनं सही केली नाही. तिनं वह्या पिशवीत घातल्या आणि पिशवी पिठाच्या डब्यामागं सरकवली. तानाजीनं दुसऱ्या दिवशी दोनदा विचारलं. तिनं "करते" म्हटलं. खोटं बोलण्याचं तिला फार वाईट वाटलं, कारण तिला स्वतःलाच ते खोटं आहे की खरं, ते ठरत नव्हतं. भांडी घासताना, मेंढीच्या कोकराला बाटलीनं दूध पाजताना, पोरीची वेणी घालताना ती मनातल्या मनात एकच वाक्य जुळवत होती, आणि ते दर वेळी 'भावजी' या शब्दाशीच अडकत होतं.

एक मेला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं आणि तिथंच ग्रामसभा भरली. व्हरांड्यात टेबल, टेबलामागं पाच खुर्च्या. मधल्या खुर्चीत बिराप्पा, कडक इस्त्रीचा सदरा, डोईला पटका. शेजारी ग्रामसेवक आणि आणखी तिघे, तिघेही कुठल्या ना कुठल्या मेंबरबाईचे नवरे नाहीतर सासरे. बाया लिंबाखाली जमिनीवर. मंगल त्यांच्यातच बसली होती. पिशवी मांडीवर.

सभेआधी शिवांजली मॅडमनी पोरांचे तक्ते लावले होते. सृष्टीचा पुठ्ठा भिंतीवर मधोमध. अर्धवर्तुळात चिकटवलेले पाचशे त्रेचाळीस दाणे. पांढरट जोंधळ्यात तांबडी तूर कुठं कुठं, अंगावर गोवराचे ठिपके यावेत तशी.

"सांग गं सृष्टी," मॅडम म्हणाल्या.

सृष्टीनं घोकलेलं घडाघडा सांगितलं. एकूण किती, बाया किती, आपल्या राज्याचे अठ्ठेचाळीस, त्यात बाया सात. नव्या कायद्यानं पुढं तिसरा हिस्सा बायांचा होणार आहे, तो अजून लागू झालेला नाही.

"ए पोरी," गर्दीतून एकजण ओरडला, "आपल्या सांगलीचा दाणा कंचा त्यो तरी दाव! आमाला कवा गावतच न्हाई त्यो!"

सगळे हसले. बिराप्पाही हसला. सृष्टीला चेव आला.

"आन खाली हे आपलं गाव," तिनं पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथं नऊ दाणे होते आणि त्यांच्या वर एक. "नऊ मेंबर. पाच तुरी, चार जोंधळं. आन वर सरपंच, ती बी तूर. म्हंजी आमी दिल्लीच्या म्होरं हाय." ती क्षणभर थांबली. तिची नजर टेबलामागच्या खुर्च्यांवरून फिरली आणि कपाळाला त्या सावकारी आठ्या पडल्या. "पर मॅडम, हितं तर सगळं जोंधळंच बसल्यात."

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

"बस खाली आता," बिराप्पा म्हणाला. "घ्या ग्रामसेवक, सुरू करा. तानाजी, वह्या?"

तानाजी लिंबाखाली आला, वाकून हळू आवाजात म्हणाला, "आण इकडं. झाल्या न्हवं सह्या?"

मंगल उठली. पिशवी तिनं त्याच्या हातात दिली नाही. लिंबापासून व्हरांडा वीस पावलं असेल. आयुष्यात एवढी लांब ती एकटी कधी चालली नव्हती. डोईवरचा पदर सरकला, तिनं सवयीनं सावरला, मग पुन्हा सरकला तो तसाच राहू दिला. टेबलाशी येऊन तिनं फेरीवही उघडून ठेवली.

"भावजी."

बिराप्पानं चमकून पाहिलं. वही बघून नव्हे. तो आवाज त्यानं स्वतःला उद्देशून कधीच ऐकला नव्हता.

"भावजी, हे वाचा."

"घरात बोलू. जा, बस."

"बरं, मीच वाचते." शाळेत धडा वाचावा तसा तिचा आवाज एकेक अक्षर लावत पुढं गेला. "बारा मे. मेटकरी वस्ती. दोन फेऱ्या. पाणी मिळाले. सही, साळूबाई मेटकरी." तिनं पान उलटलं. "एकवीस मे. दोन फेऱ्या. पाणी मिळाले. सही, साळूबाई मेटकरी." मग ती लोकांकडं वळली. "एकवीस मेला तुमी समदी वड्याकाठी हुता. पिंडाला कावळा शिवत न्हवता. आठवतंय का?"

ग्रामसेवक खाली बघत टोपण लावत-काढत राहिला.

"कोरी पानं हुती ही," मंगल म्हणाली. "अक्कानं सह्या केल्या. पानं मी उलटून दिली. मला लिवाय-वाचाय येतंय, तरी मी इचारलं न्हाई. आज मी कोऱ्या पानावर सही करणार न्हाई. टँकर वस्तीवर येईल, पाणी बायांच्या घागरीत पडंल, तवा मी सही करीन. आन गेल्या साली हे पाणी कुटं गेलं, त्याची चौकशी व्हावी, ह्यो आजचा पयला ठराव. लिवा ग्रामसेवक. उठा भावजी, मला बसाय पायजे."

"मंगल!" तानाजी ओरडला.

बिराप्पाचा चेहरा काळानिळा झाला. "घरातलं मरण चव्हाट्यावर आणतीस? तुझ्या जावंचं?"

उत्तर लिंबाखालून आलं. बनाबाई काठी टेकत उभी राहिली होती. "घरातली न्हवं रं बिराप्पा. गावाची सरपंच मेली ती. पाण्याला जाऊन मेली."

बिराप्पानं आईकडं पाहिलं, मग वहीकडं. पान उघडं होतं. त्याला आपल्या बायकोची सही आज पहिल्यांदाच नीट दिसली असावी, कारण त्यानं बोट पुढं नेलं आणि त्या दोन टिंबांपाशी ते थांबलं. मग खुर्ची मागं सरकवून तो उठला आणि कुणाकडं न बघता पटांगणाबाहेर चालू लागला. त्याच्या मागोमाग सात-आठजण गेले. जाता जाता एकजण बोललाच, "अविश्वास आणतो दोन महिन्यांत. बघतोच कशी बसती ती."

मंगल बसली. खुर्ची अजून गरम होती. तिनं पाय टेबलाखाली एकमेकांवर घट्ट दाबून धरले. ठराव लिहून होईपर्यंत लिंबाखालच्या दोन मेंबरबाया उठून व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी त्या पायरीवरच बसल्या. बाकीच्या तिघी उठल्याच नाहीत.

दिवस मावळायला घर गाठलं तेव्हा चूल थंड होती. तानाजी दारातल्या बाजल्यावर पाठ करून पडला होता. तिनं पाणी पुढं केलं, त्यानं घेतलं नाही. पाठमोराच तो म्हणाला, "वहिनीवानी गप सही केली असतीस तर…" आणि वाक्य तिथंच मोडलं. आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं असावं. त्यानं तोंडावर घोंगडं ओढलं.

टँकर उद्या येईल की नाही, कुणी सांगावं? चौकशीचा कागद तालुक्याला पोचेल की वाटेतच कुणाच्या टेबलाखाली जाईल, तेही ठाऊक नव्हतं. पण उरलेली कोरी पानं मंगलनं एकेक करून आडव्या रेघेनं खोडून टाकली. मग भिंतीच्या खुंटीवरचा साळूअक्काचा पाणी शेंदायचा दोर काढून गुंडाळायला घेतला. वर्षभर त्याला कुणी हात लावला नव्हता. दोर वाळून काठीसारखा झाला होता.

सृष्टी शेजारी येऊन बसली. पुठ्ठा तिनं परत आणला होता. येताना एक तूर गळून पडली होती, ती मुठीत घट्ट धरलेली. ती दाणा परत चिकटवायला गेली आणि थांबली.

"आई."

"काय गं?"

"आज बोललीस ते तू थोरली आई हुती तवाच बोलली असतीस, तर ती हिरीत उतरली असती का गं?"

मंगलचे हात दोरावर तसेच राहिले. आत कुठंतरी घागरीच्या काठाला काकण लागलं. टिक्. पोर तिच्या तोंडाकडं बघत होती, मिटल्या मुठीत तो एक दाणा धरून.